पाण्याखालचं वजन

तार्तूमधल्या त्या तळघरात एक टाकी आहे,
टाकीत खुर्ची, खुर्चीला साखळ्या,
साखळ्यांच्या वर एक काटा.
बत्तीस वर्षं मी त्या काट्याशेजारी बसते
ओल्या पायांची माणसं बघत.

मी त्यांना एवढंच सांगते :
नाकाला चिमटा लावा. बुडा.
आता श्वास सोडा. सगळा.
संपला असं वाटेल, तरी थोडा उरलेला असतो. तोही.
मग हलू नका.

माणूस सहजासहजी हलायचं थांबत नाही.
काटा थरथरतो, बुडबुडे येत राहतात,
कुणाला पाण्याखालीच हसू फुटतं,
आणि मग तीन-चार सेकंद
कुणीच कुणी नसतं.
तेवढ्यात मी आकडा टिपते.

तत्त्व सोपं, रस्सा उकळणाऱ्या कुणालाही ठाऊक असलेलं :
चरबी तरंगते. हाड बुडतं, स्नायू बुडतो.
जमिनीवर ऐंशी किलोचा गडी
माझ्या पाण्यात चार किलो भरतो,
त्याच्यामागून आलेला दुसरा, तोही ऐंशीचाच,
जेमतेम दोन.
वजनकाट्याने दोघांना एकच मानलं होतं.
पाण्याने नाही.

मग हिशेब. फुप्फुसात अडून बसलेली हवा वजा,
घनता काढायची,
चारशे पंच्याण्णव भागिले घनता, उणे साडेचारशे.
जे उरेल तितके टक्के तुम्ही
स्वतःसाठी बाजूला ठेवलेले आहात.

वरच्या मजल्यावर राइन चिमट्याने मोजतो :
दंडामागे, खांद्याच्या पात्याखाली, कमरेवर,
प्रत्येक घडी तीनदा. त्याचे हात गार, म्हणून सगळे ओरडतात.
काहीजण घरच्या काट्यावर उभे राहून येतात
आणि दशांशासकट सांगतात.
तो काटा तळपायातून वीज सोडतो,
दोन पेले पाणी प्यालात की मत बदलतो.
माझंही दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतं.
तळटिपेत लिहिते मी ते. तळटीप कोणी वाचत नाही.

मार्चमध्ये पिरेट आली. एमायोगीवर वल्हवते.
एमा म्हणजे आई, योगी म्हणजे नदी,
आमच्याकडे असंच म्हणतात.
पस्तीस अंशांच्या पाण्यातही तिचे दात वाजत होते.
दंडावर बारीक भुरी लव, पिलाच्या अंगावर असते तशी.
दगडासारखी बुडाली.
अकरा.

“दहा होईल का मेपर्यंत?”

मी विचारलं, पाळी कधी आली होती?
ती टॉवेलची दशी ओढत राहिली.
“सप्टेंबर,” म्हणाली, कुणा दुसरीची तारीख सांगावी तशी.

माझी आई सायबेरियातून छप्पन्न साली परतली.
तिला कोणी पाण्यात बुडवून मोजलं नाही,
मोजायला फारसं काही नव्हतंही.
बोटातली अंगठी गळून पडू नये म्हणून
तिने लोकरीचा धागा गुंडाळला होता.
दोन वर्षांनी मी झाले.
एक फोटो आहे : मी उघडी, परातीत बसलेली,
मनगटाला अशी घडी
जणू तिथेही कोणी धागा आवळून बांधलाय.
फोटोमागे पेन्सिलीने आईचं अक्षर : बाळसं धरलं.
तारीख नाही, वजन नाही.

हे मी पिरेटला सांगितलं नाही.
सांगितलं ते असं : बाईच्या देहाला इतकं लागतंच,
हे साठवलेलं नाही, हे पायातलं आहे,
घराच्या पायातलं. याच्याखाली खणायचं नसतं.
डॉक्टरांना फोन लावला, गुरुवारची वेळ घेतली.
तिच्या प्रशिक्षकाला कागद दिला नाही.
मागायला आला तेव्हा म्हटलं, काटा बिघडलाय.
बत्तीस वर्षांतलं माझं पहिलं खोटं माप.

मग डब्यातली काळी पोळी तिच्यापुढे सरकवली,
लोणी लावलेली, वर धुरावलेला मासा.
मासा तिने खाल्ला. पोळीही, अर्धी.
लोणी सुरीने खरवडून
डब्याच्या काठाला लावून ठेवलं,
अगदी सरळ रेघेत.

टाकी रिकामी व्हायला चाळीस मिनिटं लागतात.
मी डबा तसाच उघडा ठेवला.
ती गेली नव्हती अजून.